बाहीची आतली बाजू

झीनिया, ओहायो
१२ ऑक्टोबर २०१४

वेंडेल,

आणि मग त्याने कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं. डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. त्याचं नाक वर येईपर्यंत मी दुसरीकडे पाहत राहिले.

"अस्सल," तो म्हणाला. "घामाचा वास अजून आहे, बॉबी. सत्तर वर्षं होत आली."

तो घाम तुझा आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. उन्हाळ्यात तू असले कोट अंगावर चढवून मागच्या अंगणातलं गवत कापायचास, म्हणजे कॉलरवर मळ बसावा. शेजारच्या ओपलबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं होतं, "याला थंडी वाजते का गं?" मी हसले होते. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

या माणसाचं नाव रँडल स्टँपर. तू ओळखतोस, कारण उन्हाळ्यात हा कोट तूच त्याला विकलास. केंटकीत दातांचा डॉक्टर आहे. काल जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये जुन्या लष्करी वस्तूंचा मेळा होता, तिथे तो मला शोधत आला. कोट खरा आहे असं त्याला माझ्या सहीचं मत हवंय. तुझ्या शब्दावर त्याने पैसे मोजले, आता माझ्या शब्दावर त्याला झोप हवी आहे. खिशातून त्याने छोटा आरसा काढला, लोकांच्या दाढा बघायचा, आणि कॉलरच्या बिल्ल्याखाली घालून मला दाखवू लागला. "बघ, टाके बघ. कसे झिजलेत."

कॉलरवर हिटलरच्या एसएसचे बिल्ले. डाव्या बाहीवर एसएसचा गरुड.

मी अस्तर उलटलं. आतल्या खिशावर शाईने लिहिलेलं नाव: ई. ट्राउटवाइन. उजव्या खाकेखाली अस्तराला रफू, तपकिरी दोऱ्याचं. ते रफू माझं आहे. घरात करडा दोरा नव्हता म्हणून मी तपकिरी घातला होता आणि तू म्हणाला होतास, तिथे कोण बघतंय.

हा तोच कोट आहे, वेंडेल. लायमाच्या त्या विधवेकडून आपण घेतलेला. तिचा नवरा पंचेचाळीस साली युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होता आणि दोन पाकिटं सिगारेटवर त्याने हा एका कैद्याच्या अंगावरून उतरवून घेतला होता. आपल्याकडे आला तेव्हा तो साध्या जर्मन पायदळाचा होता. कॉलरवर पायदळाच्या फिक्या पट्ट्या, छातीवर उजवीकडे गरुड, बाह्या कोऱ्या. दुकानाच्या मागच्या खोलीत कितीतरी वर्षं लटकून राहिला. गिऱ्हाईक यायचं, हात लावायचं आणि म्हणायचं, साधाच आहे. आपण वेगळे झालो तेव्हा वाटणीत तो तू नेलास.

म्हणजे तू त्याला बढती दिलीस.

मला किळस कशाची येते ते सांगते. पैशाची नाही. पैसा तू पहिल्यापासून असाच करत आलास. थंडीत कुडकुडणारा, बटाटे सोलणारा, घरी पत्रं लिहिणारा शिपाई या गिऱ्हाइकांपैकी कोणालाच नको असतो. ज्याला बघून लोक दारं लावून घ्यायचे तो हवा असतो. तो बैठकीत उभा करायचा असतो. आणि तो पुरेसा मिळत नाही, म्हणून तुझ्यासारखे लोक मेलेल्या शिपायांतून तो तयार करून देतात.

मला एक ओळ लिहून पाठव. बिल्ले आणि गरुड मी लावले, एवढीच. ती मी स्टँपरला देईन आणि हे संपेल.

बॉबी


२३ ऑक्टोबर

वेंडेल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निवडुंग. मागे दोन वाक्यं. "टाक्यांची भोकं होतीच, बॉबी. मी फक्त होतं ते परत जागेवर ठेवलं."

भोकं होतीच. हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलंय. शिरस्त्राणावर नवं चिन्ह रंगवणारा म्हणतो, रंग होताच, मी फक्त उजळला. टोलेडोचा तो म्हातारा आपल्या गुलाबाच्या वाफ्यात नवी पदकं पुरतो, वर्षाने काढतो आणि म्हणतो, गंज होताच. या धंद्यात नवीन कोणीच काही करत नाही. सगळे परत जागेवर ठेवतात.

त्या कोटाची कॉलर आपण तो घेतला तेव्हाच मी भिंगाखाली तपासली आहे. पायदळाच्या पट्ट्यांचा दोरा जुना होता. निळ्या दिव्याखाली नवा दोरा चुन्यासारखा चमकतो, तो चमकला नव्हता. एक टोक काढून जाळलं तेव्हा राख झाली होती, नायलॉनसारखी वितळून गोळी नाही. मी इतकं केलं होतं. तू जुना दोरा वापरतोस हे मला ठाऊक आहे, जुन्या चादरींतून उसवलेला, म्हणून दिव्याला तू सापडणार नाहीस. पण तू डावखुरा आहेस. तुझे टाके उलटे झुकतात. ते मी स्टँपरच्या आरशाशिवायसुद्धा ओळखले.

मी इतक्यावर थांबले असते. पण सोमवारी एका बाईचा फोन आला आणि बुधवारी ती स्वतः आली.

तिचं नाव गुड्रुन प्रुइट. डेटनला राहते. हवाई तळावरच्या एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून तरुणपणी जर्मनीतून इकडे आली, तो आता नाही. माहेरचं नाव ट्राउटवाइन.

हातात पावाची लादी होती, ताटपुसण्यात गुंडाळलेली. राय नावाच्या धान्याचा पाव. ती लादी तिने माझ्या टेबलावर ठेवली, हातमोजे काढले आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"नेटवर एकाने कोटाचे फोटो टाकलेत. खाली तुमच्या दुकानाचं नाव आहे, आधीचे मालक म्हणून. माझ्या नातवाने मला दाखवलं. आत माझ्या वडिलांचं नाव आहे."

"बसा ना."

"आणि खाली लिहिलंय, एसएसचा कोट. ते तुम्हाला ठाऊकच असेल. त्याखाली लोकांनी लाइकचे अंगठे टाकलेत. एकाने लिहिलंय, वा, काय गडी असेल!" तिने मान हलवली. "काय गडी असेल. ते पाव भाजायचे हो, बाई. गावात आमची बेकरी होती. लढाईतही पावच भाजले त्यांनी, पायदळाची फिरती भट्टी असायची, तिच्यावर. परत आले ते पुन्हा भट्टीवर. मरेपर्यंत."

मग ती बसली. वडिलांचं नाव एवाल्ट. रागावले की बोलायचे नाहीत, पीठ जोरात मळायचे. लादीचं पहिलं टोक नेहमी हिला द्यायचे. उन्हाळ्यातही बाहेर बनियनवर कधी दिसले नाहीत. खाकेजवळ भाजल्याचा मोठा डाग होता, भट्टीवाल्यांना असायचेच असले डाग, त्याची त्यांना लाज वाटायची.

मी कॉफी ओतली.

"नातू कॉलेजात आहे," ती म्हणाली. "मला म्हणतो, आजी, तू ज्यांच्या गोष्टी सांगतेस ते आणि हे, यातले खरे कुठले? मी त्याला काय सांगू? मी त्याला म्हटलं, थांब, मी विचारून येते. तुम्ही हा कोट आधी पाहिलाय. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. तुमचे वडील पायदळात होते. कोट माझ्याकडे आला तेव्हा पायदळाचा होता, मी स्वतः तपासला होता. हे बिल्ले गेल्या वर्षभरात कोणीतरी लावलेत. कोणी, ते मला ठाऊक आहे. मी तुम्हाला लिहून देईन, नातवाला दाखवा.

ती रडली वगैरे नाही. तिने माझ्याकडे सुरी मागितली, लादी कापली आणि पहिलं टोक मला दिलं.

पाव चांगला होता. आंबटसर, जड.

तुझ्या एका ओळीची मी वाट पाहते आहे. आता ती मला स्टँपरसाठी नको.

बॉबी


५ नोव्हेंबर

वेंडेल,

तुझं पत्र आलं. तुझ्या मानाने लांबच म्हणायचं. तू लिहितोस:

"गवत कापायचो, मान्य. पण हा कोट घालून नाही. तो मला आखूड आहे, बटणं पोटावर बसत नाहीत, तुला माझं पोट माहीत आहे. घाम ज्याचा त्याचाच आहे. तुझ्या दाताच्या डॉक्टरला सांग, त्याने बरोबर हुंगलं. बाकीचं सांगतो. पायदळाच्या पट्ट्या काढल्या तेव्हा खाली दुसरी भोकं दिसली. बाहीवरही. मी चार टाके इकडे, चार टाके तिकडे असा अंदाजाने नाही शिवलं. तू नेहमी जिथे बघायला शिकलीस तिथेच बघतेस. बाही उलटी कर आणि बघ."

तू असं लिहिशील हे मला अपेक्षित होतं. तुझं खोटं नेहमीच तपशिलात फार चांगलं असतं.

मी बाही उलटी केलेली नाही. कोट आता माझ्याकडेच आहे. स्टँपर रविवारी घेऊन आला.

त्याच्याशी झालेलं बोलणं तुला कळावं म्हणून लिहिते. तुझं गिऱ्हाईक आहे.

पाहुण्यांच्या खोलीत त्याने पुतळा उभा केलाय. दुकानातला, कपड्यांचा. त्याला टोपी, पट्टा, बूट, सगळं आहे. फक्त कोट माझ्याकडे आलाय, म्हणून सध्या तो पुतळा बनियनवर आहे, असं सांगून स्वतःच खूप हसला.

"बायको म्हणते, तो तिथे असेपर्यंत आई राहायला येणार नाही. मी म्हटलं, हे तर आणखीच बरं."

"उसवू का?" मी विचारलं.

"काय?"

"बिल्ले. उसवल्याशिवाय मी सही करणार नाही."

तो थोडा वेळ कोट कुरवाळत राहिला. "उसव," म्हणाला. "खोटे निघाले तर मी ते वेंडेलच्या तोंडावर फेकतो. त्याने मला हात मिळवून सांगितलंय. पण खरे निघाले तर, बॉबी, तर मी या माणसाचा माग काढणार आहे. नाव आहे, कागदपत्रं असतीलच. कुठे कुठे गेला असेल. काय काय केलं असेल याने!"

"पाव भाजले असतील," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

जाताना त्याने कॉलर पुन्हा एकदा नाकाला लावली. मी बघत असताना. त्याच्या मागे दार लावून मी हात धुतले. मग ज्या टेबलावर कोट होता ते टेबल पुसलं.

या लोकांना वाटतं, आपण इतिहास जपतो. मीही असंच म्हणत असे. आपण दोघं म्हणत होतो, मेळ्यात, लोकांच्या तोंडावर: आम्ही त्यांचे भक्त नाही, आम्ही फक्त वस्तू सांभाळतो. मग संध्याकाळी गाडीत बसलं की तू सांगायचास, रक्ताचा डाग असता तर आणखी आलं असतं. आणि मी गाडी चालवायचे.

मिसेस प्रुइटचा पुन्हा फोन आला होता. कागद तयार झाला का, विचारत होती. पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी न्यायला येते म्हणाली. नातू आणून सोडणार आहे. मी हो म्हटलं.

आदल्या दिवशी, शनिवारी उसवते. उजेड हवा.

बॉबी


१५ नोव्हेंबर

वेंडेल,

आज दुपारी उसवलं. खिडकीपाशी, बर्फ पडून गेल्यावर येतो त्या स्वच्छ उजेडात.

आधी कॉलर. तुझे टाके होते, उलटे झुकलेले, जुन्या चादरीच्या दोऱ्याचे. बिल्ले सुटले. त्यांच्याखाली पायदळाच्या पट्ट्यांची भोकं होती, ती मला माहीत होती. त्या भोकांच्या आतल्या बाजूला आणखी एक ओळ होती. बारीक. लोकर वाफेने फुगवून, ब्रशने ओढून कोणीतरी ती बुजवली होती. फार काळजीने. इतकी की भिंगाखालीही मला ती तेव्हा दिसली नव्हती, कारण वर पट्ट्या होत्या आणि पट्ट्या जुन्या दोऱ्याच्या होत्या. जुना दोरा दिसला की आपण थांबतो. हेच आपलं शिक्षण.

मी स्वतःला म्हटलं, कॉलरी बदलतात. कारखान्यात फेरफार होतात. भोकांचं काय.

मग बाहीवरचा गरुड काढला. वरून काहीच नव्हतं, तुझी भोकं सोडून. कापड सारखं करडं-हिरवं. मी जवळजवळ थांबले.

मग बाही उलटी केली. अस्तराची शिवण उघडली.

लोकरीच्या आतल्या अंगाला दोऱ्याची टोकं अडकली होती. कापलेली, बोटभर अंतरात दाटीने. बाहेरून ओढून काढताना तुटलेली, आत राहून गेलेली. बाहेरचं बुजवलं तरी आतलं कोण काढत बसतं. सत्तर वर्षांच्या वापराने, दबावाने ती लोकरीत मुरली होती. दिव्याखाली काळीच राहिली. एक टोक चिमट्याने काढून जाळलं. राख झाली. ती टोकं मी एकामागून एक टाचणीने जोडत गेले, आणि टाचण्यांची एक आकृती तयार झाली. पसरलेले दोन पंख, मधलं पीस लांब. त्यांचा गरुड तसाच असतो, मधलं पीस लांब. डाव्या बाहीवर. जिथे पायदळाच्या कोटावर काहीच नसतं, आणि काहीच नसतं म्हणून मी तिथे कधी पाहिलं नाही.

तू लावलेला गरुड त्या जागेपासून केसभर वर होता. काही टाके तर जुन्याच भोकांतून गेले होते.

तुझं खरं होतं. तू होतं ते परत जागेवर ठेवलंस.

हे मी तुला लिहून देते आहे. कागद तुझ्या हातात आहे, हवा तसा वापर. तरीही तुझ्याबद्दलची माझी किळस कमी झालेली नाही. ती कशाची आहे ते मला आज नीट कळलं. तू तो कोट घेतलास, भोकं पाहिलीस, आणि ती खरी आहेत की नाहीत याने तुला काहीच फरक पडला नाही. भोकं नसती तरी तू तेच बिल्ले लावले असतेस. भोकं होती म्हणून तुझे चार टाके वाचले, एवढंच.

आणि मला फरक पडत होता. म्हणून मी पाहिलंच नाही.

आणखी एक सांगते. तेवीस तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं, बाई म्हणाली वडिलांच्या खाकेजवळ भाजल्याचा डाग होता, आणि मी कॉफी ओतली. तू ते वाचून हसला असशील. डावीकडे होता, असंही ती म्हणाली होती. ते मी लिहिलं नाही. तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे, डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला ते आपला रक्तगट गोंदवून घ्यायचे. एसएसचे लोक. फक्त तेच. पकडणारे शिपाई कैद्यांना रांगेत उभं करून हात वर करायला सांगायचे, तेवढ्यावर काम भागायचं. त्यामुळे पंचेचाळीसच्या वसंतात खूप जणांनी ती जागा भाजून घेतली. ज्याला जे मिळालं त्याने. भट्टीवाल्याला भट्टी मिळाली असेल.

ती बोलत होती तेव्हाच मला हे आठवलं होतं. पाव समोर होता. मी म्हटलं, तुमचे वडील पायदळात होते.

आता कोट सांगतो ते एवढंच. हा माणूस त्यांच्यात होता. कुठे, किती काळ, काय केलं, हे कोट सांगत नाही. कदाचित पावच भाजले असतील. एसएसलाही पाव लागायचा. मग शेवटी, हरल्यावर, त्याने किंवा त्याच्या बायकोने बसून बिल्ले काढले, भोकं वाफेने बुजवली, कुठल्यातरी पडलेल्या शिपायाच्या पट्ट्या आणि छातीवरचा गरुड घेऊन कोटावर शिवला. सफाईने शिवला. आणि त्या कोटात तो साधा शिपाई म्हणून शरण गेला, सिगारेटवर कोट देऊन टाकला आणि घरी आला. या कोटाला पहिल्यांदा खोटा करणारा तू नाहीस. पहिल्याचा हात तुझ्यापेक्षा चांगला होता.

स्टँपरचं मत, रॉबर्टा या पूर्ण नावाच्या सहीने, लिहून तयार आहे. दोन वाक्यं. सध्याचे बिल्ले आणि गरुड अलीकडे शिवलेले असून ते या कोटाचे नाहीत. परंतु याच जागी पूर्वी तेच बिल्ले होते, आणि ते युद्धाच्या काळातले होते. तो दुसरंच वाक्य वाचेल. आनंदाने उडेल. तुझा सौदा मोडणार नाही. पुतळ्याच्या अंगावर कोट परत चढेल आणि मिसेस प्रुइटच्या वडिलांचं नाव घेऊन तो कागदपत्रं शोधत फिरेल. हे मला दिसतंय. पहिल्या वाक्यावर थांबावं असं वाटलं होतं. ते वाक्यही खरंच आहे. एका खऱ्या वाक्यावर थांबून खोटं कसं बोलायचं, ते मी या धंद्यात शिकलेय. बहुधा तुझ्याकडूनच.

तिच्यासाठीचा कागद अजून कोरा आहे.

सकाळी ती येणार आहे. टेबलावर बाही उलटीच ठेवली आहे, टाचण्या तशाच आहेत. गुंडाळून ठेवायला मी दोनदा उठले.

बॉबी


१६ नोव्हेंबर

वेंडेल,

सकाळी ती आली. नातू गाडीतच थांबला. तिच्या हातात पुन्हा लादी होती, ताटपुसण्यात गुंडाळलेली, अजून गरम. ती तिने टेबलाच्या टोकाला ठेवली आणि कोट पाहिला.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिने चष्मा लावला. मी टाचण्यांवरून बोट फिरवलं, पंख, मधलं पीस. इथे त्यांचा गरुड होता, म्हटलं. नवा नाही. तुमच्या वडिलांच्या वेळचा. नंतर काढला आणि भोकं बुजवली.

"ही डावी बाही?"

"डावी."

तिने आपला डावा हात थोडा उचलला आणि उजव्या हाताने दंडाखाली, कोटावरूनच, चाचपलं. आपण काय करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं नसावं. मग हात खाली सोडला.

"लग्नापर्यंत मी त्यांच्याबरोबर भट्टीवर काम केलंय," ती म्हणाली. तिने दोन्ही मनगटं वर करून मला दाखवली. आडव्या फिक्या रेषा. "भट्टी इथे भाजते, बाई. तिथे नाही भाजत."

मी एक सैल झालेली टाचणी परत दाबली.

"ते त्यांच्यातले नव्हते असं तुम्ही म्हणालात तेव्हा बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या आहात. मला वाटलं, असेल."

ती टाचण्यांकडे बघत राहिली. मग विचारलं, "ही भोकं बुजवता येतात?"

"येतात."

"तुम्हाला?"

"मला येतात."

किटली चुलीवर वाफ सोडत होती. तीही तिने पाहिली.

"नको," ती म्हणाली. "एकदा बुजवून झालीत."

तिने हातमोजे घातले. कागद मागितला नाही, मी दिला नाही. खिडकीतून मला दिसलं, ती गाडीत नातवाच्या शेजारी बसली. गाडी सुरू झाली नाही. ती बोलत होती आणि तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. मग त्याने इंजिन सुरू केलं आणि ते गेले.

लादी टेबलावर राहिली. दुपारी स्टँपर कोट न्यायला येणार आहे. त्याच्या आधी मी ती आत नेऊन ठेवली.

रॉबर्टा